पिशवी आमची, मत आमचे : ऊसतोड महिला कामगारांचे मागणीपत्र

प्रति,
मा. मुख्यमंत्री, महाराष्ट्र राज्य
मा. राज्य निवडणूक आयुक्त आणि मा. मुख्य निवडणूक अधिकारी, महाराष्ट्र राज्य
मा. साखर आयुक्त, पुणे
राज्यातील सर्व मान्यताप्राप्त राजकीय पक्षांचे प्रदेशाध्यक्ष

विषय : ऊसतोड महिला कामगारांचे प्रजननविषयक हक्क, मतदानाचा हक्क आणि निवडणूक लढवण्याचा हक्क याबाबत.

महोदय / महोदया,

बीड, धाराशिव, परभणी, जालना आणि अहिल्यानगर या जिल्ह्यांतून दरवर्षी दिवाळीच्या आगेमागे निघून पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊस तोडायला जाणाऱ्या बायकांची आमची संघटना आहे. खालील मागण्या सभासदांनी गावोगावच्या बैठकांतून ठरवल्या आहेत. प्रत्येक मागणीसोबत तिचे कारण, ती कोणी पूर्ण करायची आणि तिच्यासाठी पैसा कुठून येईल हे दिले आहे. उत्तरही याच पद्धतीने यावे.

मताचे वजन

२०२४ च्या लोकसभा निवडणुकीत बीड मतदारसंघाचा निकाल ६,५५३ मतांनी लागला. त्याआधी पाच वर्षे, २०१९ मध्ये, विधान परिषदेच्या उपसभापती डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने बीड जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी केली होती. त्यांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. म्हणजे पिशवी काढलेल्या बायकांचीच संख्या लोकसभेच्या मताधिक्याच्या दुपटीहून अधिक भरते.

या सगळ्या बायका एकाच बाजूला मत देतात, असा आमचा दावा नाही. आमच्यात सगळ्या पक्षांच्या मतदार आहेत आणि संघटना कोणालाही मत कोणाला द्यावे हे सांगत नाही. पण ज्या मतदारसंघात इतक्या थोड्या मतांनी खासदार ठरतो, तिथे इतक्या बायकांच्या शरीराचा प्रश्न प्रचाराच्या काठावर राहतो, ही गोष्ट आम्हाला मान्य नाही.

२०२४ च्याच नोव्हेंबरमध्ये विधानसभेची निवडणूक झाली. २०१९ मध्ये राज्यातल्या सुमारे ५९ टक्के महिला मतदारांनी मतदान केले होते. २०२४ मध्ये हे प्रमाण ६५ टक्क्यांवर गेले आणि तीन कोटींहून अधिक बायकांनी मत दिले. बायकांच्या मताचे हे वजन सर्व पक्षांनी आधीच ओळखले होते. २८ जून २०२४ रोजी मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजनेचा निर्णय निघाला, महिना १,५०० रुपयांचा. प्रचारात एका बाजूने २,१०० रुपयांचे आश्वासन दिले, दुसऱ्या बाजूने ३,००० रुपयांचे.

ते १,५०० रुपये आम्हाला हवे आहेत. त्यांना खिरापत म्हणणाऱ्यांशी आमचे पटत नाही. कोणाकडे हात न पसरता औषध आणता येते, एस.टी.चे तिकीट काढता येते, ही आमच्यासाठी मोठी गोष्ट आहे. आमची तक्रार वेगळी आहे. बायकांच्या मताची किंमत फक्त खात्यावरच्या रकमेत धरली गेली. ज्या कामात पाळीच्या दिवशी खाडा, म्हणजे गैरहजेरीचा दंड, पडतो आणि आठव्या महिन्यातही डोक्यावर मोळी असते, त्या कामाच्या अटींना कोणी हात लावला नाही.

मतपेटीतून असे प्रश्न सुटतात, याला जगात दाखले आहेत. मूळच्या बेळगावच्या दंतवैद्य सविता हलप्पनवार २०१२ मध्ये आयर्लंडमधल्या गॉलवे इथल्या रुग्णालयात गर्भपात नाकारला गेल्यावर जंतुसंसर्गाने दगावल्या. त्या ३१ वर्षांच्या होत्या. २५ मे २०१८ रोजी त्या देशाने सार्वमत घेतले आणि ६६.४ टक्के मतदारांनी गर्भपातबंदीचे घटनेतले कलम काढून टाकले. आपल्याकडे गर्भपाताचा कायदा १९७१ पासून आहे. आमची लढाई कायदा मिळवण्याची नसून कायदा फडापर्यंत पोचवण्याची आहे.

राजकीय पक्षांकडे पहिली मागणी : येत्या प्रत्येक निवडणुकीच्या जाहीरनाम्यात ऊसतोड महिलांच्या प्रजनन आरोग्याचे स्वतंत्र कलम असावे. त्यात काम, मुदत आणि वर्षाचा खर्च हे तिन्ही आकडे लिहावेत. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या निकालानंतर भारत निवडणूक आयोगाने आचारसंहितेत जाहीरनाम्यांविषयी सूचना घातल्या. आश्वासनामागचे कारण आणि त्यासाठी पैसा कसा उभा राहील, हे सांगण्याची अपेक्षा त्या सूचनांतच आहे. आम्ही नवीन काही मागत नाही.

पिशवीचे ऑपरेशन

नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. उचल, म्हणजे हंगामाआधीची आगाऊ रक्कम, त्या कोयत्यावर मिळते, हिशेबही त्याच कोयत्याचा होतो. दोघांपैकी एक जण बसला तरी खाडा पडतो आणि दिवसाला पाचशे रुपये किंवा त्याहून अधिक उचलीच्या हिशेबात चढतात. पाळी, अंगावरून जाणे, पांढरे जाणे, कंबर धरणे यांतल्या कशालाही या हिशेबात जागा नाही.

कोपीजवळ, म्हणजे फडावरच्या झोपडीजवळ, संडास नाही, आडोसा नाही, पुरेसे पाणी नाही. पहाटे निघून रात्री गाडी भरेपर्यंत कापड बदलायला मिळत नाही. त्यातून जंतुसंसर्ग होतो आणि तो अंगावर काढला जातो. हंगाम संपला की बाई तालुक्याच्या खासगी दवाखान्यात जाते. तिथे सोनोग्राफी होते, पिशवीला सूज आहे, पुढे कॅन्सर होईल, असे सांगितले जाते. दोन-तीन मुले झालेली असतात. वय तीस-पस्तीस, कधी त्याहूनही कमी. गोळ्या-औषधांनी बरा होणारा आजार ऑपरेशनपर्यंत जातो. ऑपरेशनचा खर्च नव्या उचलीतून भागवला जातो आणि ती फेडायला बाई पुन्हा फडात उतरते.

पिशवी गेली की दुखणे गेले, असे सांगितले जाते. प्रत्यक्षात अंडाशयही काढले असेल तर तिशीतच पाळी कायमची थांबल्याचे सगळे परिणाम सुरू होतात : हाडे ठिसूळ होणे, अंगातून वाफा निघणे, झोप न लागणे, सांधे धरणे. अशा शरीराने मोळी उचलून ट्रकवर चढणाऱ्या बायका आमच्या सभासद आहेत.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) देशातल्या १५ ते ४९ वयोगटातल्या १०० बायकांपैकी साधारण तिघींचे गर्भाशय काढलेले आहे. बीडच्या पाहणीत १०० पैकी जवळपास १७ जणी निघाल्या. दोन्ही पाहण्यांची पद्धत एक नाही, त्यामुळे आकडे काट्यावर तोलता येत नाहीत हे आम्ही जाणतो. पण तीन आणि सतरा यांतली तफावत पद्धतीतल्या फरकाने भरून निघणारी नाही.

५ एप्रिल २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अनावश्यक गर्भाशय शस्त्रक्रिया रोखण्यासाठी केंद्राने तयार केलेल्या मार्गदर्शक सूचना सर्व राज्यांनी तीन महिन्यांत लागू कराव्यात, असा आदेश दिला. त्या सूचनांत राज्य आणि जिल्हा पातळीवर देखरेख समित्यांची तरतूद आहे. आमच्या गावांतल्या बायकांना अशी समिती आहे हेच माहीत नाही, तिच्याकडे तक्रार कशी करायची हे तर दूरच.

म्हणून मागणी अशी :

चाळीस वर्षांखालील बाईचे गर्भाशय काढायचे असेल तर सरकारी स्त्रीरोगतज्ज्ञाचे दुसरे मत सक्तीचे असावे. ते मोफत आणि सात दिवसांच्या आत मिळावे. जिवाला धोका असेल तेव्हा ही अट नसावी, मात्र अशा शस्त्रक्रियेची कारणासह नोंद ४८ तासांत जिल्हा समितीकडे जावी. ही मुदत आम्ही मुद्दाम घालतो आहोत, कारण परवानगीच्या नावाखाली खरी गरज असलेल्या बाईला महिनाभर रक्तस्राव सोसावा लागला, तर ती सुधारणा ठरणार नाही.

हा नियम राज्यभर लागू असावा. टोळी सहा महिने कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, पुणे या भागांत असते. एका जिल्ह्याच्या हद्दीत थांबणारी दक्षता आमच्या कामाची नाही.

जिल्हा समितीने दर तीन महिन्यांनी बैठक घ्यावी आणि रुग्णालयनिहाय, वयोगटनिहाय शस्त्रक्रियांचे आकडे जाहीर करावेत. बायकांची नावे कुठेही उघड होऊ नयेत. समितीवर ऊसतोड महिलांच्या किमान दोन प्रतिनिधी असाव्यात.

ज्यांची पिशवी आधीच काढली गेली आहे, त्यांची यादी सरकारजवळ २०१९ पासून आहे. त्या प्रत्येकीला वर्षातून एकदा हाडांची आणि रक्ताची मोफत तपासणी, कॅल्शियम आणि गरजेप्रमाणे हार्मोनचे उपचार मिळावेत. पाहणी करून यादी केली आणि यादीतल्या बायकांना परत कोणी भेटले नाही, ही वागणूक यापुढे चालणार नाही.

रजा, मजुरी आणि बाळंतपण

जानेवारी २०२४ मधल्या करारात ऊसतोडीचा दर ३४ टक्क्यांनी वाढला आणि टनाला २७३ रुपयांवरून ३६६ रुपये झाला. दरवाढीचे आम्ही स्वागत केले होते. पण हा दर कोयत्याचा आहे, बाईच्या नावावर त्यातले काही येत नाही. ज्या मजुरीची नोंदच नाही, तिच्यावर रजा मागता येत नाही आणि बाळंतपणाचा लाभही मागता येत नाही. गर्भाशयाच्या प्रश्नाचे मूळ आम्ही इथे पाहतो, दवाखान्याचा नंबर त्यानंतर लागतो.

पुढच्या दर करारात नवरा आणि बायको यांची कामगार म्हणून स्वतंत्र नोंद व्हावी आणि दराची निम्मी रक्कम, या दराने टनाला १८३ रुपये, थेट बाईच्या बँक खात्यावर जमा व्हावी. एकट्या बाईला, मग ती विधवा असो की टाकलेली, अर्ध्या कोयत्याचा पूर्ण करार मिळावा. करार करताना वाटाघाटीच्या टेबलावर महिला कामगारांच्या प्रतिनिधी असाव्यात. आजवर त्या नव्हत्या.

पाळी आणि आजारपणासाठी महिन्याला दोन दिवसांची रजा खाड्याशिवाय मिळावी. गरोदर बाईला सातव्या महिन्यापासून मोळी वाहण्याच्या कामातून सूट मिळावी आणि त्यासाठी कोयत्यावर दंड लागू नये. २०२४ च्या विधानसभेला एका आघाडीने नोकरदार महिलांना पाळीच्या काळात ऐच्छिक रजा देण्याचे आश्वासन दिले होते. कार्यालयातल्या बाईला ती रजा मिळावी असे आम्हालाही वाटते. जिथे बसायला खुर्चीही नाही, तिथल्या बाईला ती आधी मिळावी.

प्रसूती लाभाच्या कायद्याने संघटित क्षेत्रातल्या बाईला पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची भरपगारी रजा दिली आहे. आम्ही १२ आठवड्यांची भरपाई मागतो. जोडी दिवसाला दीड ते दोन टन ऊस तोडते. निम्म्या दराने बाईचा वाटा दिवसाला साधारण २७५ ते ३६५ रुपये होतो. त्यात ३०० रुपये धरले तर ८४ दिवसांचे २५,२०० रुपये होतात. ही रक्कम प्रत्येक बाळंतपणाला मिळावी, ते कितवे आहे हे न पाहता. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेचे पैसे पहिल्या मुलाला मिळतात, दुसऱ्या वेळी फक्त मुलगी झाली तर मिळतात. तिसऱ्या बाळंतपणातल्या बाईला विश्रांतीची गरज कमी नसते.

अड्ड्यावर दर वीस बायकांमागे एक संडास, आडोशाची न्हाणी, प्यायचे पाणी आणि आठवड्यातून एकदा फिरते आरोग्य पथक असावे. पथकात महिला डॉक्टर किंवा प्रशिक्षित परिचारिका असावी. साखर आयुक्त दर हंगामाला कारखान्यांना गाळप परवाना देतात. या सोयींची पूर्तता झाल्याचा दाखला त्या परवान्याची अट करावी. त्यासाठी नवे खाते उघडावे लागत नाही.

गर्भपात, गर्भनिरोधन आणि संमती

या मुद्द्यावर आमची भूमिका नीट समजून घ्यावी.

बीड जिल्ह्यात शून्य ते सहा वयोगटातल्या दर हजार मुलांमागे मुलींची संख्या २००१ मध्ये ८९४ होती, २०११ च्या जनगणनेत ती ८०७ वर आली. राज्याचा २०११ चा आकडा ८९४ होता. २०१२ च्या परळीतल्या बेकायदा गर्भलिंगनिदान आणि गर्भपाताच्या प्रकरणाने हे सगळे देशासमोर आले. गर्भलिंगनिदानाविरुद्धच्या कायद्याची कडक अंमलबजावणी झाली पाहिजे, यात आमच्यात दुमत नाही. त्या पोरी आमच्याच घरातल्या होत्या.

पण त्यानंतर अनेक ठिकाणी गर्भपात म्हटले की डॉक्टर दार लावून घेतात, औषध दुकानदार गोळ्या ठेवत नाहीत आणि आरोग्य कर्मचारी बाईकडे संशयाने पाहतात. दोन महिन्यांची गरोदर बाई, जिच्या गर्भाचे लिंग सोनोग्राफीत कळणेच शक्य नाही, तिलाही परत पाठवले जाते. मग ती चोरून कुठेतरी जाते. लिंगनिदान हा गुन्हा आहे आणि कायद्याच्या चौकटीतला गर्भपात हा बाईचा हक्क आहे. दोन्ही कायदे एकाच वेळी पाळता येतात. एकाचे निमित्त करून दुसरा मोडणे थांबवावे.

गर्भपाताच्या कायद्यातल्या २०२१ च्या दुरुस्तीनंतर २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचे आणि ठरावीक परिस्थितीत २४ आठवड्यांपर्यंत दोन डॉक्टरांचे मत पुरते. २९ सप्टेंबर २०२२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने विवाहित आणि अविवाहित असा भेद अमान्य केला. सज्ञान बाईची स्वतःची संमती पुरेशी आहे, हे मूळ कायद्यातच लिहिले आहे. असे असताना नवऱ्याची सही मागितली जाते. नवरा फडात, बाई दवाखान्यात आणि मध्ये तीस किलोमीटरचा रस्ता, या अवस्थेत दिवस उलटतात आणि कायद्याची मुदत निघून जाते.

मागणी : ऊसपट्ट्यातल्या प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात हंगामाच्या काळात मान्यताप्राप्त गर्भपात सेवा रोज उपलब्ध असावी. नवऱ्याची किंवा नातेवाइकाची सही मागणाऱ्या रुग्णालयाला लेखी ताकीद आणि दुसऱ्या वेळी दंड व्हावा. 'सज्ञान बाईची एकटीची संमती पुरेशी आहे' असा फलक मराठी, हिंदी आणि कन्नडमध्ये लावावा.

गर्भनिरोधनाचा सगळा भार बायकांवर आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीनुसार राज्यातल्या ४९ टक्के विवाहित बायकांची नसबंदी झालेली आहे. पुरुष नसबंदीचे प्रमाण एक टक्क्याच्याही आत आहे. पुरुष नसबंदी टाक्याविना होते, लवकर आटोपते आणि माणूस त्याच दिवशी घरी जातो. तरीही आरोग्य कर्मचारी फक्त बायकांच्या मागे लागतात. हंगामापूर्वीच्या तपासणीत पुरुषांना तांबी, गोळ्या, निरोध आणि पुरुष नसबंदी यांची माहिती द्यावी आणि त्या कामाची नोंद वेगळी ठेवावी. एवढे पुरेसे आहे.

दोन अपत्यांची अट

१२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरे अपत्य झालेल्या व्यक्तीला महाराष्ट्रात ग्रामपंचायत, पंचायत समिती किंवा जिल्हा परिषद लढवता येत नाही. विधानसभेला आणि लोकसभेला अशी अट नाही. तिसरे मूल असलेला माणूस आमदार होऊन कायदा करू शकतो, पण त्याच कायद्याने तिसरे मूल असलेली बाई गावची सदस्य होऊ शकत नाही. या भेदाचे समर्थन आजवर आम्हाला कोणी पटवून दिलेले नाही.

अट कागदावर स्त्री-पुरुष दोघांना सारखी आहे. जमिनीवर ती बायकांना जास्त लागते. पाचव्या पाहणीत बीड जिल्ह्यातल्या २० ते २४ वयोगटातल्या ४३.७ टक्के मुलींची लग्ने अठराच्या आत झालेली आढळली. राज्याची सरासरी २१.९ टक्के आहे. हंगामाला जाताना वयात आलेली पोर गावी एकटी कोणाजवळ ठेवायची, हा त्यामागचा मोठा प्रश्न आहे. लग्न कोणी ठरवले, पाळणा कधी हलला, तिसऱ्यांदा मुलासाठी हट्ट कोणी धरला, यातले काहीच बाईच्या हातात नव्हते. अपात्रतेची सही मात्र तिच्या नावावर होते. राज्याने २०११ मध्ये बायकांना स्थानिक संस्थांत पन्नास टक्के जागा दिल्या आणि त्या भरू शकणाऱ्या बायकांना दारातच अडवले.

या अटीची गरज उरलेली नाही. राज्याचा एकूण जननदर १.७ आहे, म्हणजे दोनपेक्षा कमी. सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये हरियाणाची अशीच अट वैध ठरवली, हे आम्हाला माहीत आहे. पण वैध असलेली प्रत्येक गोष्ट ठेवलीच पाहिजे असे नाही. त्याच हरियाणाने २००६ मध्ये अट काढून टाकली. हिमाचल प्रदेश, मध्य प्रदेश आणि छत्तीसगड यांनी त्याच्या आधी काढली आणि आंध्र प्रदेशाने २०२४ मध्ये.

मागणी : ग्रामपंचायत अधिनियमातील आणि जिल्हा परिषद व पंचायत समिती अधिनियमातील ही अपात्रता पुढच्या अधिवेशनात रद्द करावी. पूर्ण रद्द होईपर्यंत, अठराच्या आत लग्न झालेल्या बाईला ती लागू करू नये.

मतदानाचा दिवस

विधानसभेचे मतदान २० नोव्हेंबर २०२४ रोजी झाले. गळीत हंगाम सुरू होण्याचाच तो काळ होता. ग्रामपंचायतींचे मतदान १५ जानेवारी २०२१ आणि १८ डिसेंबर २०२२ या तारखांना झाले. दोन्ही तारखा भर हंगामातल्या. ज्या निवडणुकीत गावच्या पाण्याचा, अंगणवाडीचा आणि आरोग्य उपकेंद्राचा निर्णय होतो, तिच्या वेळी गावातल्या निम्म्या बायका तीनशे किलोमीटरवर असतात.

अशा वेळी उमेदवार गाड्या पाठवतात. गाडी ज्याची, त्याचे मिंधेपण येते. गाडी येत नाही तिथे मत बुडते. मुकादम सगळ्या टोळीला सोडायला तयार नसतो, तेव्हा पुरुष जातात आणि बायका कोपीवर पोरे-बैल सांभाळत राहतात.

लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १३५ख प्रमाणे लोकसभा आणि विधानसभेच्या मतदानाला रोजंदारीवरच्या कामगारालाही भरपगारी सुट्टी आहे. तिचे उल्लंघन केल्यास मालकाला दंड पाचशे रुपयांपर्यंत, म्हणजे आमच्या एका खाड्याएवढा. शिवाय जाऊन येऊन प्रवासालाच दोन दिवस लागतात, तेव्हा एका दिवसाच्या सुट्टीचा उपयोग होत नाही.

राज्य निवडणूक आयोगाकडे मागणी : ऊसतोड कामगारांच्या तालुक्यांत ग्रामपंचायत, पंचायत समिती आणि जिल्हा परिषदेच्या निवडणुका १५ ऑक्टोबर ते १५ एप्रिल या काळात घेऊ नयेत. न्यायालयाच्या आदेशामुळे किंवा मुदत संपल्यामुळे घ्याव्याच लागल्या, तर तीन दिवसांची भरपगारी सुट्टी आणि कारखान्याच्या अड्ड्यापासून गावापर्यंत एस.टी.ची सरकारी सोय करावी.

लोकसभा आणि विधानसभेसाठी भारत निवडणूक आयोगाकडे राज्याने लेखी शिफारस करावी की, नोंदणीकृत ऊसतोड कामगारांना टपाली मतदानाच्या वर्गात घ्यावे किंवा कारखाना परिसरात त्यांच्यासाठी विशेष मतदान केंद्रे द्यावीत. काश्मिरी विस्थापितांसाठी जम्मू, उधमपूर आणि दिल्लीत अशी केंद्रे चालतात. ७२ मतदारसंघांचे मतदान एका जागी घेऊ शकणाऱ्या यंत्राचा नमुनाही आयोगाने २०२२ च्या अखेरीस तयार केला होता. त्यावर पक्षांचे आक्षेप आहेत आणि ते विचारात घ्यावेत. पण वाद मिटेपर्यंत आमचे मत थांबवून ठेवू नये. टपाली मतपत्रिकेला यंत्र लागत नाही.

खर्चाचा हिशेब

लोकनेते गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी कारखान्यांनी टनाला दहा रुपये द्यायचे आणि तेवढीच रक्कम राज्याने घालायची, असे ठरले आहे. २०२३-२४ च्या हंगामात राज्यात दहा कोटी टनांहून अधिक ऊस गाळला गेला. दहा कोटी टन धरले तरी दोन्ही वाटे मिळून वर्षाला २०० कोटी होतात. गाळप कमी झालेल्या वर्षी साडेआठ कोटी टन धरावेत, तेव्हाही १७० कोटी होतात.

हंगामात २० हजार बाळंतपणे गृहीत धरली तर प्रत्येकी २५,२०० रुपयांप्रमाणे ५० कोटी ४० लाख लागतील. उरलेल्या १२० ते १५० कोटींतून आरोग्य पथके, तपासण्या आणि मतदानाच्या वर्षी एस.टी.चा खर्च भागतो. लाडकी बहीण योजनेसाठी वर्षाला ४६,००० कोटींची तरतूद सांगितली गेली होती. आमची संपूर्ण मागणी तिच्या अर्ध्या टक्क्याच्याही आत बसते.

महामंडळाने किती निधी जमा झाला, कोणत्या कारखान्याकडे किती बाकी आहे आणि महिला आरोग्यावर किती खर्च झाला, याचे विवरण दरवर्षी ३० जूनपर्यंत जाहीर करावे. महामंडळाच्या संचालक मंडळावर निम्म्या जागा महिला कामगारांना द्याव्यात.

अटी आणि मुदत

शासन आणि दोन्ही निवडणूक यंत्रणांचे लेखी उत्तर पत्र मिळाल्यापासून ४५ दिवसांत यावे. प्रत्येक मागणीपुढे मान्य, अंशतः मान्य किंवा अमान्य असे लिहून कारण द्यावे. 'तपासून पाहू' हे उत्तर अमान्य धरले जाईल. रजा, संडास आणि आरोग्य पथकांबाबतचे आदेश येत्या हंगामाचे गाळप परवाने निघण्यापूर्वी निघावेत, कारण त्यांना कायदा बदलावा लागत नाही. दोन अपत्यांच्या अटीसाठी एका अधिवेशनाची मुदत आम्ही देत आहोत.

राजकीय पक्षांनी आपले उत्तर पक्षाच्या शिक्क्यानिशी द्यावे. ज्यांचे येईल त्यांचे, ज्यांचे येणार नाही त्यांच्या नावापुढे 'उत्तर नाही' असे लिहून, ही सगळी उत्तरे टोळ्या निघण्यापूर्वी प्रत्येक सभासद गावाच्या चावडीवर वाचून दाखवली जातील. त्यात आमची टिप्पणी नसेल. मतदानाच्या आदल्या आठवड्यात तीच उत्तरे अड्ड्यांवर पुन्हा वाचली जातील.

चर्चेला आम्ही तयार आहोत. बैठक बीडला किंवा पुण्याला ठेवावी, ती हंगामाबाहेर असावी आणि तिच्या इतिवृत्तावर दोन्ही बाजूंच्या सह्या असाव्यात. संघटनेच्या वतीने पाच जणी येतील. त्यांपैकी दोघी पिशवी काढलेल्या असतील आणि त्यांचे म्हणणे आधी ऐकून घ्यावे.

अध्यक्षा, सचिव आणि कार्यकारिणी सदस्या,
ऊसतोड महिला कामगार संघटनेच्या वतीने

सोबत : सभासदांच्या सह्या व अंगठे, गावनिहाय.